ऑनलाइन ओळख झालेल्या लेखक-मित्रांची पुस्तकं इतरांना कशी सुचवावीत?

पानखूण

लेखन करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात ओळख झालेल्या पाच जणांची पुस्तकं वर्षभरात आली आहेत. दोन कादंबऱ्या (त्यातली एक मालिकेचा पहिला भाग), एक विज्ञानकथांचा संग्रह, एक काव्यसंग्रह आणि एक चित्रकथा. बहुतेक स्वयंप्रकाशित. प्रत्यक्ष भेट कुणाशीच नाही, पण दोन पुस्तकांचे कच्चे खर्डे वाचून मी सविस्तर अभिप्राय दिला होता. ही पुस्तकं वाचकांपर्यंत पोचावीत असं मनापासून वाटतं. जाणकारांनी यावर सांगावं:

१. लेखक ओळखीचे आहेत हे सांगावं का, आणि कसं?
२. ॲमेझॉन आणि गुडरीड्सवर (वाचक पुस्तकांची नोंद ठेवतात, परीक्षणं लिहितात ते संकेतस्थळ) परीक्षण लिहावं का? मित्रांनी लिहिलेली परीक्षणं उडवली जातात असं ऐकलं आहे.
३. पाचही पुस्तकांची एकच यादी करावी की वेगवेगळं लिहावं?
४. एखादं पुस्तक फारसं जमलेलं नसेल तर काय करायचं?

---

समास

चौथ्याचं उत्तर कुणीतरी सवडीने द्यावं, तो खरा अवघड प्रश्न आहे. मी शिफारस लिहायची कशी ते सांगतो, कारण मित्रांच्या पुस्तकांच्या शिफारशी बहुतेक वेळा तिथेच फसतात.

‘माझ्या मित्राचं पुस्तक आलंय, नक्की वाचा’ या वाक्यात वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पुस्तक कशाबद्दल आहे, केवढं आहे, कुणाला आवडेल, यातलं काही कळत नाही. मित्राचं भलं व्हावं असं लिहिणाऱ्याला वाटतं, एवढंच कळतं. शिफारस वाचकासाठी लिहायची असते. मित्राला शाबासकी द्यायची तर ती थेट त्याला लिहून पाठवा, त्याला ती जास्त मोलाची वाटेल.

लांबी ८० ते १५० शब्द. पन्नासच्या आत पुस्तकाबद्दल नेमकं काही सांगून होत नाही आणि दोनशेच्या पुढे गेलात की ते परीक्षण होतं, त्याचा वाचक वेगळा.

पहिल्या वाक्यात पुस्तकाचा प्रकार आणि त्यातला मूळ पेच यायला हवा. ‘मानवी नात्यांचा वेध घेणारी कादंबरी’ हे हजार कादंबऱ्यांना लागू पडतं. ‘दीपगृहाची राखणदार नोंदवहीत न घडलेल्या जहाजफुटीची नोंद करते आणि आठवड्याभरात ते जहाज खरोखर फुटतं’ हे एकाच कादंबरीबद्दल असू शकतं. तुमचं पहिलं वाक्य दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला चिकटवून बघा. चिकटलं तर ते बदला.

पुढच्या दोन वाक्यांत पुस्तकातली एक जागा जवळून दाखवा. ती सुरुवातीच्या दहा टक्क्यांतली निवडा. एक तर रहस्य फुटत नाही, आणि दुसरं म्हणजे ई-पुस्तकाच्या मोफत नमुन्यात साधारण तेवढाच भाग असतो, त्यामुळे तुम्ही म्हणता ते खरं आहे का हे वाचक पैसे मोजण्याआधी स्वतः पाहू शकतो. जागा निवडताना प्रकाशित प्रत उघडून पाहा. खर्डा वाचलेल्यांच्या डोक्यात जुनी आवृत्ती घट्ट बसलेली असते, आणि लेखकाने तिसऱ्या फेरीत कापून टाकलेल्या प्रसंगाची तारीफ छापली जाते. असं बरेचदा होतं.

मग वाचक कोण ते लिहा, आणि कोण नाही तेही. ‘संथ, तपशिलात रमणारं गद्य आवडणाऱ्यांसाठी. पहिल्या पन्नास पानांत खून हवा असेल तर हे पुस्तक तुमचं नाही.’ मित्राच्या पुस्तकाबद्दल हे दुसरं वाक्य लिहायला हात धजावत नाही, पण त्याच वाक्यामुळे बाकीच्या चार वाक्यांवर विश्वास बसतो. शिवाय पुस्तक चुकीच्या वाचकाच्या हाती पडलं तर त्याचा एक तारा मित्राच्याच पानावर येऊन बसतो.

शेवटी कोरडी माहिती: पानं, कुठल्या रूपात मिळतं, मालिकेतलं कितवं, आणि कुणाला त्रासदायक होऊ शकेल असा मजकूर (आत्महत्या, लैंगिक हिंसा, मुलांचा मृत्यू) असल्यास तसं. पानं माहीत नसतील आणि शब्दसंख्या माहीत असेल तर छापील पानाला २५० ते ३०० शब्द धरा. पन्नास हजार शब्दांची कादंबरी १७० ते २०० पानांच्या आसपास जाते. तुमच्या मालिकेच्या पहिल्या भागाबाबत एक गोष्ट आवर्जून लिहा: गोष्ट त्या भागात पुरी होते की मध्येच तुटते, आणि पुढचा भाग आला आहे का. हे न सांगता सुचवलेल्या पहिल्या भागांवर वाचकांचा राग निघतो, आणि तो रास्त असतो.

आता ओळख. एक वाक्य, पुस्तकाचं नाव आल्या आल्या. ‘लेखिका माझ्या ओळखीच्या आहेत, आम्ही एकाच लेखनगटात आहोत.’ खर्डा वाचला असेल तर ‘पुस्तकाचा खर्डा मी वाचला होता’ हेही. तळाशी हॅशटॅगच्या गर्दीत टाकू नका, तिथपर्यंत कुणी जात नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये जाहीर करण्याजोग्या संबंधांत पैशाच्या व्यवहाराबरोबर कौटुंबिक आणि वैयक्तिक नातंही धरलेलं आहे, म्हणजे ही केवळ सौजन्याची बाब नाही. मात्र सांगताना सारवासारव नको. ‘मित्र आहे म्हणून म्हणत नाही, पण...’ असं म्हटलं की नसलेली शंका उभी राहते.

---

कच्चा_खर्डा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गुडरीड्स २०१३ पासून ॲमेझॉनच्याच मालकीचं आहे, पण दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

ॲमेझॉनवर लेखकाच्या जवळच्या मित्रांनी आणि कुटुंबीयांनी परीक्षण लिहिलेलं चालत नाही. लेखकांनी इतर लेखकांच्या पुस्तकांवर लिहायला हरकत नाही, पण वैयक्तिक नातं असेल किंवा पुस्तक घडवण्यात सहभाग असेल (सहलेखक, संपादक, चित्रकार वगैरे) तर नाही. तुम्ही ज्या दोन पुस्तकांचे खर्डे वाचून सविस्तर अभिप्राय दिलात, तिथे हा प्रश्न मिटलाच: लिहू नका. ऋणनिर्देशात तुमचं नाव असेल तर अजिबातच नको, कारण ते पुस्तकातच छापलेलं आहे. उरलेल्या तिघांबाबत ‘जवळचा’ म्हणजे किती हे तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवा. आठवड्यातून चार वेळा निरोपांची देवाणघेवाण होत असेल तर प्रत्यक्ष भेट झालेली नाही ही पळवाट आहे.

‘तू माझ्या पुस्तकावर लिही, मी तुझ्या’ हा प्रकार तर पूर्ण टाळा. गटातल्या आठ लेखकांनी एकाच आठवड्यात एकमेकांना पाच-पाच तारे दिले की तो आकृतिबंध यंत्राला दिसतो तसा माणसालाही दिसतो. परीक्षणं जातातच, आणि परीक्षणांत फेरफार केल्याचा ठपका आला तर लेखकाचं प्रकाशन-खातं अडचणीत येऊ शकतं. मदत करायला जावं आणि मित्राचं पुस्तकच विक्रीतून उतरावं, असं व्हायला नको.

ॲमेझॉनवर तुमचे शब्द जाण्याचा एक सरळ मार्ग आहे. पुस्तकाच्या पानावर संपादकीय अभिप्रायांचा वेगळा विभाग असतो आणि तो लेखक स्वतः ऑथर सेंट्रलमधून (ॲमेझॉनवरचं लेखकांचं स्वतःचं खातं) भरतो. तुम्ही बाहेर कुठेतरी लिहिलेल्या शिफारशीतली एक-दोन वाक्यं तुमच्या नावानिशी तो तिथे उद्धृत करू शकतो. त्याला ताऱ्यांची सरासरी लागत नाही आणि नातंही लपत नाही.

गुडरीड्सवर खरेदीची अट नाही आणि प्रकाशनाआधीही लिहिता येतं. नातं सांगून तिथे लिहा. फुकट प्रत मिळाली असेल तर तेही नमूद करा. तिथल्या ताऱ्यांचे अर्थ ठरलेले आहेत: दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे फार आवडलं, पाच म्हणजे अप्रतिम. त्या हिशेबाने तीन तारे ही तक्रार नाही, पण नव्या लेखकाला ती तशी वाटते हेही खरं. तिथे तारे न देता नुसता मजकूर लिहिता येतो. स्टोरीग्राफ या गुडरीड्ससारख्याच संकेतस्थळावर पाव-पाव ताऱ्याची सोय आहे आणि पुस्तकाचा वेग, भाववृत्ती यांच्या नोंदी करता येतात. शिफारशीला त्या नोंदी जास्त उपयोगी, कारण वाचक नेमक्या त्यावरूनच शोधत असतात.

दुवा देताना एवढं बघा. ॲमेझॉनच्या पत्त्यात ‘डीपी’ या अक्षरांनंतर दहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो. पुस्तक ओळखायला तेवढाच पुरतो. त्यापुढची लांबलचक शेपटी तुम्ही ते पान कसं शोधलंत याची असते, ती कापा. आपलं कमिशन मिळवून देणारा दुवा मित्राच्या पुस्तकाला लावू नका. नियमाने चालतं, जाहीर केलंत तर, पण एकाच शिफारशीत मैत्रीही सांगायची आणि कमिशनही सांगायचं म्हटलं की वाचक पुस्तकापर्यंत पोचतच नाही.

छापील पुस्तकासाठी आयएसबीएन (पुस्तकाच्या आवृत्तीचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) द्या. २००७ पासून तो तेरा अंकी आहे आणि कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी, ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. वाचनालयाला किंवा दुकानदाराला मागणी नोंदवायची तर छापील आवृत्तीचाच क्रमांक लागतो. तो मित्राकडून मागून घ्या, जालावर शोधत बसू नका. किंडलवरच्या अनेक ई-पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, फक्त ॲमेझॉनचा स्वतःचा क्रमांक असतो.

आता एक धोका, ज्याकडे शिफारस करणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये (ई-पुस्तक फक्त ॲमेझॉनवर ठेवण्याची स्वयंप्रकाशित लेखकांसाठीची योजना) नोंदवलेलं असेल तर त्या ९० दिवसांच्या मुदतीत (आणि ती आपोआप वाढत जाते) त्याचा डिजिटल मजकूर दुसरीकडे, अगदी लेखकाच्या ब्लॉगवरही, उपलब्ध असता कामा नये. नमुन्यादाखल दहा टक्क्यांपर्यंत चालतो. छापील प्रतीवर हे बंधन नाही. तुमच्या गटातल्या कादंबऱ्या आधी वॉटपॅडवर किंवा ब्लॉगवर क्रमशः आलेल्या असतील तर ते जुने दुवे शिफारशीत अजिबात देऊ नका. ‘सुरुवातीची प्रकरणं इथे फुकट आहेत’ असं प्रेमाने लिहिलेलं वाक्य मित्राच्या अंगाशी येऊ शकतं. उलट जुना दुवा अजून चालू असल्याचं दिसलं तर त्याला लगेच खाजगीत कळवा.

आणि त्याने तुम्हाला दिलेली ईपब किंवा पीडीएफ फाइल पुढे पाठवू नका. ‘फक्त एका मैत्रिणीला’ सुद्धा नाही. किंडल अनलिमिटेड (ॲमेझॉनची ई-पुस्तकं वाचायची वर्गणी) घेतलेला वाचक असेल आणि पुस्तक त्यात असेल तर त्याला तिथूनच वाचायला सांगा: तिथे लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळतात, आणि एका वाचकाने एक पान पहिल्यांदा वाचलं तेवढंच मोजलं जातं.

---

मलपृष्ठ

वरच्या दोघांशी जवळजवळ सहमत. मतभेद फक्त ताऱ्यांबद्दल: मित्राच्या पुस्तकाला तारे कुठेच देऊ नयेत, गुडरीड्सवरही. नव्या पुस्तकाला मूठभरच मानांकनं असतात. तीन वाचकांनी ३, ४, ३ दिले तर सरासरी ३.३३ येते. त्यात तुमचे पाच पडले की ३.७५. एवढा फरक एका ओळखीच्या माणसाने पाडणं पुढच्या वाचकावर अन्याय आहे. मजकूर मात्र जरूर लिहा, तो वाचून ज्याचं त्याने ठरवावं.

चौथा प्रश्न. ‘जमलेलं नाही’ यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

पुस्तक नीट आहे पण तुमच्या आवडीचं नाही, हा पहिला प्रकार. तुम्ही भयकथा वाचतच नसाल तर भयकथेची तुमची शिफारस कुणाच्याच कामाची नाही. गटात त्या प्रकारचं भरपूर वाचणारं कुणीतरी असतं, पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचवा. ही मदत तुमच्या दीडशे शब्दांहून मोठी आहे.

दुसरा प्रकार म्हणजे पुस्तक चांगलं पण फाइल खराब. स्वयंप्रकाशित पुस्तकांत हा फार दिसतो. एकाच पात्राचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं, अवतरणचिन्ह उघडून बंद न केलेलं, प्रकरणाचं शीर्षक पानाच्या तळाशी एकटंच लटकलेलं, अनुक्रमणिकेवर बोट लावलं तर कुठेच न जाणारं. देवनागरीत आणखी भर: मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातून बदलून घेतला असेल तर रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, जोडाक्षरं फुटतात, आणि ‘र्‍या’च्या जागी भलतंच काही उमटतं. डोळ्यांना पान ठीक दिसलं तरी शोधून बघा. साधा शब्द शोधात सापडत नसेल तर आतला मजकूर बिघडलेला आहे. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. मागणीनुसार छपाईची आणि ई-पुस्तकाची फाइल लेखक केव्हाही बदलू शकतो. दहा-पंधरा जागा पानांच्या क्रमांकासह, ‘आहे असं / हवं असं’ अशा दोन रकान्यांत लिहून खाजगीत पाठवा, नवी फाइल चढेपर्यंत थांबा आणि मग शिफारस करा. ‘पुस्तकात बऱ्याच चुका आहेत’ असं मोघम कळवून मात्र काही होत नाही, लेखकाला नुसती धडकी भरते.

तिसरा प्रकार: पुस्तकच फसलेलं आहे. तेव्हा जाहीरपणे काही लिहू नका. मैत्रीत शिफारस देणं लागत नाही. मित्राने थेट विचारलं तर जे खरोखर जमलं आहे ते नेमकं सांगा आणि जे अडलं तेही एका जागेवर बोट ठेवून सांगा, पण त्याने विचारलं तरच. छापून आलेल्या पुस्तकावर अनाहूत सल्ला उशिराचा असतो. त्याच लेखकाची एखादी सुटी कथा चांगली उतरली असेल तर ती सुचवा. वाचक तिच्यावरून लेखकापर्यंत जातो. मुखपृष्ठाचीच स्तुती करून वेळ मारून नेऊ नका, वाचकांना ती पळवाट ओळखू येते.

तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे: ‘माझ्या मित्रांची पाच पुस्तकं’ अशी यादी करू नका. त्या पाच पुस्तकांत समान धागा तुमची मैत्री हाच आहे आणि वाचकाला त्याचा उपयोग नाही. विज्ञानकथेच्या वाचकाला काव्यसंग्रह नको असतो, कवितेच्या वाचकाला मालिकेचा पहिला भाग नको असतो. त्याऐवजी विषयावर यादी करा: समुद्र, एकट्या वृद्ध पात्रांच्या गोष्टी, यंत्रमानव नसलेल्या विज्ञानकथा. पाच पुस्तकांपैकी मित्राचं एक, फार तर दोन. बाकीची अनोळखी लेखकांची आणि तितक्याच आस्थेने लिहिलेली. तुमच्या आवडीचा अंदाज वाचकाला त्या बाकीच्यांवरून येतो.

वेळही बघा. प्रकाशनाच्या आठवड्यात गटातले सगळे एकदम बोलतात आणि तीच तीच नावं सगळीकडे दिसून लोक कंटाळतात. तीन-चार महिन्यांनी पुस्तकाबद्दल कुणीच बोलत नसतं, तेव्हा आलेली एक नीट शिफारस जास्त पोचते. सगळ्यात चांगली वेळ मात्र कुणीतरी मागेल ती. ‘प्रवासात वाचायला छोटं, गंभीर नको, शक्यतो कथा’ असं कुणी विचारलं की तुमच्याकडे उत्तर तयार हवं. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाची चार ओळींची टिपण करून ठेवा: पेच, वेग, लांबी, कुणासाठी नाही. तीन मागण्यांपैकी दोनच पुऱ्या होत असतील तर तिसरी होत नाही हे सांगून सुचवा. एकही होत नसेल तर मित्राचं नाव पुढे करू नका, दुसऱ्या कुणाचं सुचवा.

---

पानखूण

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. अजून तीन गोष्टी. काव्यसंग्रह आणि चित्रकथेला वरची पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही असं दिसतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी टोपणनाव घेतलं आहे, मला त्यांचं खरं नाव माहीत आहे. आणि विज्ञानकथांच्या संग्रहाबद्दल मी हा मजकूर लिहिला आहे, त्यावर स्पष्ट मत हवं:

‘नुकताच एक अप्रतिम कथासंग्रह वाचनात आला. यातल्या आठही कथा एकाहून एक सरस असून विज्ञान आणि माणूसपण यांचा सुरेख मिलाफ लेखकाने साधला आहे. विशेषतः शेवटच्या कथेतला धक्का विसरता येणार नाही, ती हवामान-केंद्राची यंत्रणा मुळात कधी चालूच नव्हती हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. भाषा ओघवती आहे. लेखक माझे मित्र आहेत म्हणून नव्हे, तर खरंच वाचनीय आहे म्हणून सांगतो. प्रत्येकाने संग्रही ठेवावा असा संग्रह!’

---

यतिभंग

कवितांच्या पुस्तकाची शिफारस कवितेनेच होते. कवीच्या संमतीने एक पूर्ण छोटी कविता द्या, किंवा मोठ्या कवितेतल्या तीन-चार सलग ओळी. पूर्ण कविता विनापरवानगी छापू नका. कादंबरीतल्या चार ओळी म्हणजे कण असतो, पण आठ ओळींच्या कवितेतल्या चार म्हणजे अर्धी कृती झाली. कुठली द्यायची हे कवीलाच विचारा. काही कविता पुढच्या निवडीसाठी किंवा एखाद्या अंकासाठी राखलेल्या असतात.

ओळी देताना ओळतोड मूळ पुस्तकाप्रमाणे ठेवा आणि पोस्ट केल्यावर फोनवर उघडून तपासा. लांब ओळ अरुंद पडद्यावर आपोआप मोडते आणि कवीने न केलेला खंड तिथे पडतो. अशी कविता असेल तर छापील पानाचा स्वच्छ फोटो बरा, सोबत मजकूर टाइप करून, म्हणजे पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनाही ती पोचते. याच कारणाने ई-पुस्तक सुचवण्याआधी ते छोट्या पडद्यावर अक्षर मोठं करून पाहा. मोडलेल्या ओळीचा पुढचा भाग आत सरकून येत असेल तर फाइल विचारपूर्वक केलेली आहे. डावीकडे समासाला चिकटून येत असेल तर छापील प्रतच सुचवा.

संग्रहाबद्दल लिहिताना किती कविता, मुक्तछंद की वृत्तबद्ध, विभाग आहेत का, सलग वाचायचा की कुठूनही उघडायचा, एवढं सांगितलं की कवितेचा वाचक ओळखतो. ‘तरल’, ‘हळवी’, ‘अंतर्मुख करणारी’ ही विशेषणं गाळा. त्या जागी एक प्रतिमा द्या.

चित्रकथेत पहिला प्रश्न रूपाचा. अशी ई-पुस्तकं ठरावीक मांडणीची असतात, अक्षर मोठं करता येत नाही, पूर्ण पान मोठं करून सरकवावं लागतं. सहा इंची, कृष्णधवल वाचन-यंत्रावर रंगीत चित्रकथा सुचवणं म्हणजे ती वाया घालवणं. किमान दहा इंची टॅब्लेट किंवा छापील प्रत, असं स्पष्ट लिहा. पानाचा आकार, रंगीत की काळं-पांढरं, फुग्यांतलं अक्षर हाताने लिहिलेलं आहे का, हे वाचकाला हवं असतं. नमुना म्हणून एकच पान दाखवा, तेही चित्रकाराने निवडलेलं आणि त्यानेच पाठवलेल्या फाइलमधून. फोनने काढलेल्या फोटोत काळा रंग राखाडी होतो आणि बारीक रेघ हरवते. चित्रकार आणि लेखक वेगळे असतील तर दोघांचीही नावं द्या. रंग भरणारे, अक्षरं लिहिणारे वेगळे असतील तर त्यांचीही. चित्रकथेच्या शिफारशीत चित्रकाराचं नाव गळणं ही अगदी नेहमीची आणि फार दुखावणारी चूक आहे.

---

समास

टोपणनावाबद्दल: पुस्तकावर छापलेलं नाव तेवढंच वापरा. खरं नाव, गाव, नोकरी, कुटुंब यातलं काहीही नको. ‘पेशाने डॉक्टर असलेले हे लेखक’ एवढ्यानेही शोधणारा पोचतो. गटातलं त्यांचं सदस्यनाव आणि पुस्तकावरचं नाव वेगळं असेल तर त्या दोघांची जोडीही त्यांना विचारल्याशिवाय जाहीर करू नका. अनेक जण दोन्ही नावांखाली वेगळ्या प्रकारचं लिहितात आणि वाचक वेगळे ठेवू इच्छितात.

म्हणून टोपणनाव असलेल्या मित्राला आधी एक निरोप पाठवा, तीन प्रश्नांचा: कुठलं नाव वापरू, खात्याला टॅग करू का, आणि ‘आमची ओळख आहे’ हे कितपत सांगू. ओळख कुठे झाली हे गाळून ‘लेखक ओळखीचे आहेत’ एवढं लिहिलं तरी जाहीर करण्याचा हेतू पुरा होतो. फोटो टाकण्याआधी एकदा नजर टाका: स्वाक्षरीच्या पानावर त्यांनी तुमच्यासाठी खरं नाव लिहिलेलं असू शकतं, पाकिटावर पत्ता असू शकतो. खाजगी गप्पांतलं काही (‘ही कथा त्यांनी वडील गेल्यावर लिहिली’) पुस्तकात किंवा मुलाखतीत त्यांनी स्वतः सांगितलेलं नसेल तर ते तुमचं नाही.

---

मलपृष्ठ

पानखूण, मजकूर ओळीने घेतो.

‘नुकताच एक अप्रतिम कथासंग्रह वाचनात आला’ हे वाक्य काढा. तुम्ही लेखकाला ओळखता, पुस्तक असंच वाचनात आलेलं नाही.

‘आठही कथा एकाहून एक सरस’ यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते खरंही नसणार. सगळ्यात चांगल्या दोन निवडा. आठ हा आकडा मात्र ठेवा, तो कामाचा आहे.

‘विज्ञान आणि माणूसपण यांचा मिलाफ’ कुठल्याही विज्ञानकथेला चिकटतं. त्या जागी हवामान-केंद्र आणा. तुमच्या परिच्छेदातली एकमेव नेमकी गोष्ट तीच आहे, फक्त तुम्ही तिचा शेवट फोडून बसलात. कथेची मांडणी सांगा आणि यंत्रणेबद्दलचा उलगडा गाळा. ती कथा संग्रहात शेवटची आहे, म्हणजे नमुन्यात मिळणार नाही. त्यामुळे जवळून दाखवायला पहिल्या कथेतलं काहीतरी घ्या.

‘भाषा ओघवती’ काढा, आणि वाक्यांची तऱ्हा सांगा: छोटी की लांब, संवाद जास्त की निवेदन, तांत्रिक शब्द समजावून दिले आहेत की वाचकाने समजून घ्यायचे.

‘मित्र आहेत म्हणून नव्हे’ याबद्दल समास यांनी वर लिहिलंच आहे. ‘प्रत्येकाने संग्रही ठेवावा’ याऐवजी कुणी ठेवू नये ते लिहा.

पहिली कथा मी वाचलेली नाही, तेवढी जागा रिकामी सोडतो. बाकी साधारण असं:

‘आठ विज्ञानकथा, सुमारे (अमुक) पानं. लेखक माझ्या ओळखीचे आहेत. पहिल्या कथेत (इथे दोन वाक्यं). शेवटच्या कथेत एका दूरच्या हवामान-केंद्रावर दोन माणसं वर्षभर आकडे नोंदवतात, आणि एका सकाळी दोघांच्या वह्यांतले आकडे जुळत नाहीत. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, तांत्रिक शब्द समजावून दिलेले नाहीत पण संदर्भाने कळतात. अवकाशयुद्धं हवी असतील तर इथे नाहीत. दोन कथांचे शेवट मुद्दाम उघडे सोडले आहेत, ज्यांना तसं आवडत नाही त्यांनी आधी नमुना वाचून ठरवावं. ई-पुस्तक आणि छापील दोन्ही, छापील प्रतीचा आयएसबीएन खाली.’

वह्यांचा तपशील आणि उघडे शेवट मी अंदाजाने घातले आहेत, पुस्तकात जे आहे तेच लिहा. आणि हे जाहीर करण्याआधी लेखकाला वाचायला पाठवणार असाल तर दुरुस्त्या फक्त नाव, क्रमांक, दुवा यांच्याच घ्या. ‘उघडे शेवट’ हे वाक्य काढा असं त्यांनी सुचवलं तरी ते ठेवा.